गाडी विजेची झाली, आता पॉइंटचे बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी वीज खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी सत्तरी आणि डिचोली या दोन तालुक्यांत गेली. आमच्या घरी आता विजेवर चालणारी गाडी आहे. ती आल्यापासून नात्यातले, शेजारचे, बाजारात भेटणारे सगळे एकच विचारतात : एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते? वर्तमानपत्रांतही बहुतेक तेच छापून येते, फार तर अनुदानाचे पुढे काय झाले ते. मला वाटते, आपल्या गोव्यात हा प्रश्न दुय्यम आहे. उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीपासून दक्षिण सीमेवरच्या पोळ्यापर्यंत महामार्गाने सरळ गेलात तरी दीडशे किलोमीटर भरत नाहीत. चार माणसांचे कुटुंब घेऊन एवढे अंतर कापणाऱ्या गाड्या आज बाजारात कितीतरी आहेत. विचारायला हवे ते वेगळेच. गाडी दिवसातले वीस-बावीस तास उभी असते. ती जिथे उभी असते तिथे चार्जिंगला धड पॉइंट आहे का?

आधी घरचे सांगतो. मुलगा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. वाळपईहून उसगाव, फोंडामार्गे जाऊन-येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होतात. गाडीची बॅटरी चाळीस युनिटांची आहे. एका युनिटला साधारण सात किलोमीटर पडतात, पावसात एसी आणि वायपर चालू असले की सहा-साडेसहा. म्हणजे रोज दहा-अकरा युनिटे. रात्री जेवणखाण आटोपून वाड्यावरचे दिवे मालवले की अकराच्या सुमारास गाडी चार्जिंगला लागते आणि पहाटे तीन-चारपर्यंत भरून होते. संध्याकाळी सात ते दहा या वेळात मी ती लावू देत नाही. त्याच वेळी वाड्यावरच्या सगळ्या घरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, गीझर चालू असतात आणि ट्रान्सफॉर्मर सगळ्यांचा एकच आहे. पाच घरांनी सातच्या ठोक्याला गाड्या लावल्या तर एकदम पंधरा किलोवॅटचा भार पडेल, आणि फ्यूज उडाली की रात्री बिचाऱ्या ड्यूटीवरच्या पोराला शिडी घेऊन यावे लागेल.

पेट्रोलला पूर्वी महिन्याकाठी अकरा-बारा हजार जायचे. आता गाडीपायी विजेचे बिल दीड-दोन हजारांनी वाढते. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे गाडीची युनिटे वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. तरीही एवढा फरक राहतो. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. ब्रेकसुद्धा कमी झिजतात, कारण वेग कमी करताना मोटरच जनित्राचे काम करून बॅटरीत वीज परत भरते. पण आपल्या पावसात त्याचा उलटा परिणाम होतो. ब्रेक फारसे वापरले गेले नाहीत की चकत्यांवर गंज धरतो. म्हणून मुलगा अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ती वीज भरण्याची सोय बंद करून जाणूनबुजून नुसत्या ब्रेकवर गाडी थांबवतो. कोकणपट्टीत राहणाऱ्या प्रत्येकाने हे करावे.

आता पॉइंटकडे वळतो. माणूस बारा-पंधरा लाखांची गाडी घेतो आणि ती नेऊन लावतो पडवीतल्या जुन्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटात. इस्त्री दहा मिनिटे चालते, गीझर वीस मिनिटे. गाडी तेरा-चौदा अँपिअर सलग चार तास ओढते, कधी आठ तास. जुन्या घरांतली वायर बारीक असते, काही घरांत तर अजून ॲल्युमिनियमची आहे. सॉकेटमागचा स्क्रू जरा ढिला असला तरी तिथे उष्णता साठते. आधी प्लगच्या पिना तपकिरी पडतात, मग प्लास्टिक करपल्याचा वास येतो, आणि तेवढ्यावर लक्ष गेले नाही तर पुढचे सांगायला नको. चार्जिंग सुरू होऊन तास झाला की प्लगला हात लावून पाहा. कोमट लागला तर चालेल. चटका बसला तर त्याच क्षणी बंद करून वायरमनला बोलवा.

आमच्याकडे मीटरपासून गाडीसाठी वेगळी चार एमएमची तांब्याची वायर ओढली आहे. तिला वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडते ती), तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडते ती) आणि कारखान्यात वापरतात तसले जाड सॉकेट. सगळे छपराखाली आणि जमिनीपासून चार फूट उंच आहे, कारण जुलैमध्ये अंगणात पाणी साचते. बोर्डाची फट सीलंटने बुजवली. पावसाळ्यात मुंग्या आणि पाली ऊब शोधत बोर्डात शिरतात आणि मग आरसीसीबी का पडते याचा पत्ता लागत नाही. एक्स्टेंशन बोर्ड मात्र कोणीही वापरू नये, एका रात्रीपुरतादेखील नको. घराचा मंजूर भार दोन किलोवॅट असेल तर आधी अर्ज करून तो वाढवून घ्यावा.

अर्थिंगबद्दल, म्हणजे गळलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीबद्दल, थोडे सविस्तर लिहितो. ‘गाडी चार्ज होत नाही, जरा येऊन बघता का’ असे निरोप मला येतात. गेल्यावर दिसते की बहुतेक ठिकाणी दोष गाडीत नाही आणि चार्जरमध्येही नाही. फ्रिज, टीव्ही, पाण्याचा पंप अर्थिंग नसले तरी चालू राहतात, म्हणून ते नाही हे घरच्यांना वर्षानुवर्षे कळतच नाही. गाडीचा चार्जर वीज घेण्याआधी अर्थिंग तपासतो. ते सापडले नाही की लाल दिवा लावतो आणि काम थांबवतो. हे माणसाच्या जिवासाठीच आहे. गाडीचा पत्रा धरून ओल्या अंगणात अनवाणी उभे राहणाऱ्या पोराला अर्थिंगच्याच वायरीने वाचवायचे असते.

आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात जांभा पाणी पितो आणि अर्थिंग उत्तम लागते. एप्रिल-मेमध्ये तोच जांभा ठणठणीत कोरडा होतो. मग खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी ओल नसल्याने वीज जमिनीत उतरत नाही. डिसेंबरात सुरळीत चार्ज होणारी गाडी एप्रिलमध्ये अडून बसते आणि लोक कंपनीला दोष देतात. एका घरी मी खड्डा उकरून पाहिला. पाइप तीन फुटांवर जाऊन थांबलेला होता, कारण खाली कातळ लागला आणि खणणाऱ्याने तिथेच हात टेकले होते. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावला तर दहाच्या वर व्होल्ट दिसले, म्हणजे अर्थिंग कच्चे. तिथे आम्ही दुसरा खड्डा घेतला तो माडाच्या आळ्याकडे, जिथे उन्हाळाभर न्हाणीचे पाणी सोडलेले असते. दोन्ही खड्डे पट्टीने जोडले. संध्याकाळी गाडी लावली आणि हिरवा दिवा लागला. कुठल्याही घरी असेच करता येते, खर्चही फार नाही. पण गाडी विकणाऱ्याने ग्राहकाच्या घरी येऊन हे आधी मोजले पाहिजे. नुसते ‘पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे ना?’ एवढे विचारून भागणार नाही.

जूनमध्ये वीज जाते तेव्हा काय करता, हाही नेहमीचा प्रश्न. सत्तरीत पहिल्या वादळी पावसात झाडे लाईनवर पडतात, रात्र-रात्र अंधार असतो, हे खरे. पण भरलेली बॅटरी आम्हाला तीन दिवस पुरते. आभाळ भरून आले की आदल्या रात्री गाडी पूर्ण भरून ठेवतो. गडगडाट सुरू झाला की प्लग काढतो. आणि वीज नसली तर पेट्रोल पंपाचे यंत्र तरी जनरेटरशिवाय कुठे चालते?

उलट आमच्या गाडीतून बाहेर वीज घेण्याची सोय आहे. दोन पंखे, दिवा, फोन आणि फ्रिज तिच्यावर आरामात चालतात. माझी आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. जूनच्या उकाड्यात तिच्या खोलीत रात्रभर पंखा फिरतो, याचे मोल मला माहीत आहे. पण ती वीज कधीही घराच्या वायरिंगमध्ये सोडू नका. गाडीतून निघालेली वायर थेट पंख्याला लावा. भिंतीतल्या सॉकेटात दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घालून अख्खे घर उजळवणारे लोक मी जनरेटरच्या काळात पाहिले आहेत. मेन स्विच बंद करायचा राहिला की ती वीज उलटी लाईनवर जाते, आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटी गेली की पलीकडे २३० व्होल्टचे ११,००० होऊ शकतात. त्याच वेळी पुढच्या वळणावर कोणीतरी लाईन बंद आहे या भरवशावर भर पावसात खांबावर चढलेला असतो. काम सुरू करण्याआधी आम्ही डिस्चार्ज रॉड टाकून लाईन अर्थ करतो, तसा नियमच आहे. पण रात्रीचे दोन वाजलेले, टॉर्चचा उजेड तेवढा हातात आणि खालून दहा माणसे लवकर करा म्हणून ओरडणारी, अशा वेळी माणसाकडून एखादी पायरी सुटू शकते. माझ्या बरोबरीच्या माणसांनी जीव गमावलेले मला ठाऊक आहेत. विजेच्या गाड्या घराघरांत येणार आहेत, म्हणजे घराघरांत एक जनरेटर येणार आहे, असे समजा. ज्यांना गाडीवर घर चालवायचे असेल त्यांनी चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा गाडी, एकाचीच वीज घरात घेणारा) बसवलाच पाहिजे, आणि खात्याने तो पाहूनच परवानगी द्यावी.

घाटाबद्दल दोन शब्द, कारण आम्हा सत्तरीकरांना कापडचोपड, दवाखाना, लग्नाची खरेदी यांसाठी बेळगाव सोयीचे. पायथ्याच्या केरीवरून चोर्ला घाट चढताना बॅटरीचा आकडा भराभर उतरतो आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरायचे कारण नाही. माणसांसकट अठराशे किलोची गाडी सातशे मीटर वर न्यायला फक्त उंचीपायी साडेतीन युनिटे लागतात, रस्त्याचा खर्च वेगळा. परत येताना त्यातली दोनेक युनिटे उतारावर परत मिळतात. घाटमाथ्यावर जो आकडा असतो, केरीत उतरेपर्यंत तो वाढलेला दिसतो. गाडीत बसलेल्या नातवंडांना त्या आकड्याचे फार कौतुक.

पण हे सगळे आम्हाला जमले, कारण आमच्याकडे अंगण आहे, स्वतःचा मीटर आहे आणि घरात लाईनमन आहे. माझी मुलगी फोंड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. तिलाही अशीच गाडी घ्यायची आहे. सोसायटीने नकार दिला. आग लागेल ही एक भीती, बिल कोणाच्या माथी बसेल ही दुसरी. मी स्वतः जाऊन पाहिले. मीटर सगळे तळमजल्यावर एका खोलीत आहेत आणि तिथून तिची पार्किंगची जागा वीस पावलांवर. तिच्याच मीटरवरून पाइपातून वायर नेली की बिल तिलाच येणार, शेजाऱ्यांचा एक रुपयाही जाणार नाही. आहे त्याच वीजजोडणीवरून घरी किंवा कार्यालयात गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय वीज मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. नव्या इमारतींच्या पार्किंगमध्ये वीस टक्के जागांना चार्जिंगची सोय असावी, असे केंद्राच्या नमुना इमारत उपविधींत २०१९ पासून आहे. पण फोंडा, म्हापसा, मडगाव, वास्को इथली हजारो कुटुंबे जुन्या इमारतींत राहतात. त्यांना ‘घरी चार्ज करा’ हा सल्ला उपयोगाचा नाही.

त्यांच्यासाठी सरकार काय करते? मोठे फास्ट चार्जर बसवण्याच्या घोषणा होतात. ते हवेतच, महामार्गावर तर हवेतच. पण एकेका फास्ट चार्जरला लाखो रुपये लागतात, त्याला भारी जोडणी लागते, कधी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो. बंद पडला की दुरुस्तीला बाहेरचा माणूस यावा लागतो. त्यात प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे, प्रत्येकात पैसे आधी भरून ठेवायचे. साठीच्या पुढच्या माणसाने उन्हात उभे राहून हे करायचे म्हणजे हाल आहेत.

मुलगी पणजीत पाटोला नोकरी करते. गाडी घेतली तर ती सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा एका जागी उभी राहील. तिथे साधा तीन किलोवॅटचा पॉइंट मिळाला तर आठ तासांत चोवीस युनिटे भरतील, म्हणजे दीडशे किलोमीटरहून जास्त. फोंडा-पणजी ये-जा दोन दिवस आरामात होईल. घाई कोणाला आहे? बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पत्नीच्या गुडघ्यांसाठी आम्ही जातो, तेव्हा सकाळी आठला लावलेली गाडी दुपारी दोनला हलते. तिथे काणकोणहून, सांग्याहून, सावंतवाडी-दोडामार्गहूनही रुग्ण येतात आणि नातेवाइकांच्या गाड्या दिवसभर उन्हात उभ्या असतात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथे अभिषेक-महाप्रसादाला आलेले लोक तीन-चार तास थांबतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तासन्‌तास जातात. कदंब महामंडळाच्या बसस्थानकांवर गाडी ठेवून लोक बसने कामाला जातात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तर सगळा गोवा आपापल्या मूळ घरी असतो. पाच दिवस गाड्या गावच्या देवळापुढे नाहीतर पंचायतीच्या मैदानात उभ्या, आणि जुन्या घरांच्या वायरिंगवर माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीच्या) दिव्यांचाच ताण असतो. या सगळ्या जागी फास्ट चार्जरची गरजच नाही. साधा, मीटर असलेला, अर्थिंग पक्के केलेला पॉइंट हवा, आणि तो दहा-दहा, वीस-वीस संख्येने हवा.

असा पॉइंट महाग नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये तीन किलोवॅटपर्यंतच्या स्वस्त एसी (घरी येते त्या वीजप्रवाहावरच्या) चार्जिंग पॉइंटसाठी मानक प्रसिद्ध केले. किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आत ठेवण्याचा त्यामागे हेतू होता. मोबाइलवरून चालू-बंद करायचे आणि युनिटांचे पैसे भरायचे. दिल्ली सरकारने २०२० च्या धोरणात पहिल्या तीस हजार खाजगी पॉइंटांना प्रत्येकी सहा हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली होती. गोवा दिल्लीपेक्षा कितीतरी लहान आहे. बारा तालुक्यांत मिळून काही हजार पॉइंट झाले तरी चित्र पालटेल.

शिवाय ही वीज दिवसा लागेल. छपरांवरच्या आणि राष्ट्रीय ग्रिडमधल्या सौरविजेचा जोर दुपारीच असतो. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दिवसा उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग असे वेळेप्रमाणे दर लावण्याची दिशा दिली आहे. घरी रात्री चार्ज करणाऱ्यापेक्षा गोमेकॉच्या आवारात दुपारी चार्ज करणारा ग्रिडला जास्त सोयीचा. दुपारची सौरवीज वापरली जाते आणि गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा रात्रीचा भारही हलका होतो.

पर्यटनाचेही यात येते. जानेवारी २०२४ पासून नव्याने येणारी पर्यटक वाहने विजेचीच असावीत, असे मुख्यमंत्र्यांनी जुलै २०२३ मध्ये जाहीर केले होते. हेतू चांगला आहे आणि तो मला मनापासून पटतो. पण भाड्याची विजेची गाडी घेऊन पाहुणा हणजुण्याच्या किंवा मोरजीच्या खोलीत उतरला की रात्री खिडकीतून एक्स्टेंशन बाहेर काढणार, हे मी लिहून देतो. पावसात ते वायरीचे टोक गवतात पडलेले असेल. गाड्यांची सक्ती करण्याआधी खोल्या देणाऱ्या प्रत्येक घरात, हॉटेलात नियमाप्रमाणे पॉइंट आहे की नाही ते तपासा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. गोमेकॉ, जिल्हा इस्पितळे, कदंबची बसस्थानके, पाटो, पालिकांचे बाजार आणि मोठ्या देवस्थानांची पार्किंगे इथे साधे पॉइंट बसवावेत. देवस्थान समित्यांना आणि पंचायतींना ते बसवायला खात्याने नकाशा आणि सामानाची यादी द्यावी. जुन्या इमारतीतला फ्लॅटधारक स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर नेऊ इच्छित असेल, तर खात्याच्या अभियंत्याने पाहणी करून दाखला द्यावा आणि त्या दाखल्यानंतर सोसायटीला अडवता येऊ नये. विजेच्या गाडीची नोंदणी होतानाच घरच्या अर्थिंगचा मोजणी दाखला जोडणे बंधनकारक करावे. आणि आयटीआयमध्ये वायरमनचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना हे काम हातात साहित्य देऊन शिकवावे. त्यांना गावातच रोजगार मिळेल.

वाळपई परिसरात कोणाला विजेची गाडी घ्यायची असेल, तर गाडी बुक करण्याआधी मी घरी येऊन अर्थिंग मोजून देईन आणि वायर कुठून न्यायची ते सांगेन. पैसे नकोत. अर्थ टेस्टर माझा स्वतःचा आहे. बाजारात कोणालाही विचारा, घर दाखवतील. शक्यतो एप्रिल-मेमध्ये बोलवा, जमीन कोरडी असते तेव्हाचाच आकडा खरा.

आपला,
एक निवृत्त लाईनमन
वाळपई, सत्तरी